उणे ऐंशी

हिल्का वुओरेनमा यांचा फ्रीझर आज रिकामा करायचा.
औलूत नोव्हेंबर. दुपारी तीनलाच
दिवस पाठ फिरवून गेला.
बाहेर उणे अकरा, या पेटीत उणे ऐंशी;
झाकण उघडलं की बाहेरचा हिवाळा मवाळ वाटतो.

एकतीस वर्षांचं रक्त आहे यात,
करंगळीच्या पेराएवढ्या नळ्यांमधून.
प्रत्येकीवर त्यांचं तिरपं अक्षर:
आकडा, तारीख, तास. नाव नाही.
पण मी नळी उचलली की त्या म्हणतात,
"एकशे सतरा. बोटी रंगवायचा.
अंगठ्यात माशाचा काटा गेला, बस्स.
सकाळी कणकण, दुपारी बडबड,
रात्री नाडी हाताला लागेना."
"दोनशे चार. शाळेतली स्वयंपाकीण.
उजव्या फुफ्फुसात तळाशी पांढरं धुकं,
आणि धापा टाकत मलाच विचारते,
आज गुरुवार ना, मग वाटाण्याचं सूप कोण ढवळतंय?"

ती वाचली का, मी विचारत नाही.
नळी केशरी बादलीत टाकतो.

डोंगर पोखरून उंदीर काढला, म्हणतात ना,
आमच्या बाबतीत ते शब्दशः खरं.
नऊ वर्षं एका रेणूमागे.
उंदीर उठले, मिशा साफ केल्या, खाऊ लागले.
मग सात इस्पितळं, सहाशे बारा माणसं,
आणि तुर्कूहून आकडेवाल्या सेप्पोचा फोन:
फरक नाही.
त्यांनी पुन्हा विचारलं.
नाही, हिल्का.
त्या दिवशी त्यांनी एवढंच केलं:
खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ
पाच मिनिटं पुढे होतं, ते बरोबर लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या खाली, तातडीच्या विभागात,
डबा आणि स्टॉपवॉच घेऊन.
माणूस दारातून आत आला, तिथपासून
पहिला डोस शिरेत जाईपर्यंत: तीन तास दहा मिनिटं.
का? तर औषधाचं कपाट तिसऱ्या मजल्यावर,
किल्ली एकीच्या खिशात, आणि ती जेवायला गेलेली.
कपाट खाली आणायला दीड वर्ष लागलं,
चौदा बैठका, एक सुतार.
त्यावरचा निबंध तिघांनी परत पाठवला:
यात विज्ञान कुठे आहे?

आम्हा पोरांना त्यांचं एकच सांगणं:
श्वास पूर्ण मिनिटभर मोजा.
पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंत
तर मी घरी पाठवीन.
माझ्या आधीच्या एकाला खरंच पाठवलं.

तळाच्या कप्प्यात शेवटची नळी, बर्फाने बुजलेली.
अंगठ्याने पुसली. तेच अक्षर, जरा गोल:
निरोगी, स्त्री, वय चौतीस.
"माझीच," त्या म्हणाल्या, "तुलना करायला कोणी मिळेना तेव्हा."
मुठीत धरून उभ्या राहिल्या,
पाणी मनगटावरून बाहीत उतरेस्तोवर.
मग स्वतःच बादलीत टाकली,
आणि पेटीची वायर काढली.
इतकी वर्षं चालू असलेली घरघर थांबली
तेव्हा कळलं, ती घरघर होती.

बसथांब्यावर दिव्याखाली उभे आहोत.
जिना उतरून आलेल्या त्यांच्या तोंडातून
वाफ निघते, विरते, निघते.
"मोजतोयस?"
मी मान खाली घातली.
"किती?"
"थांबा," म्हटलं, "अजून मिनिट झालं नाही."