शिवला नाही

ओब्दूलियाला मी विचारते, मागची पाळी कधी?
ती बोटांवर मोजते. बोटं लाल,
नखांच्या कडेला वाळलेली माती.
'यूमाचं लेट्यूस संपायच्या आधी,' म्हणते.
माझ्या फॉर्मवर अशा तारखेसाठी चौकोन नाही.

सलिनासला सकाळी धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं.
त्यातून हेलिकॉप्टर येतं, खाली, अगदी खाली,
शेजारच्या वाफ्यांवर पांढरा पदर सोडून जातं.
वारा कुणाच्या बांधाला थांबत नाही.
बायका रुमाल नाकावर ओढतात
आणि वाकलेल्याच राहतात,
पैसे खोक्यामागे मिळतात, श्वासामागे नाही.

दुपारी प्रयोगशाळेत
शहाण्णव खाचांच्या ताटलीत
मी त्यांची लघवी थेंबाथेंबाने मोजून घालते.
ही चाचणी उलटी, हे नव्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं:
पिवळा जितका गडद
तितकं संप्रेरक कमी.
नमुना चारशे सतरा, हळदीसारखा.
इतकी हळद, आणि लग्नघर कुठेच नाही.

डॉक्टर हॅलोरन म्हणतात, संबंध दिसतो,
कारण सिद्ध होत नाही.
बरोबरच आहे. अहवालात मीही तेच लिहिते.
अंडाशयाला कुठे सही करता येते?

आमच्याकडे म्हणायचे, हिला कावळा शिवला.
मग चार दिवस कोपरा, वेगळा तांब्या,
लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही.
त्या कावळ्याचा मला फार राग यायचा.
माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये
मी हे ओब्दूलियाला सांगितलं.
ती खो खो हसली. मग थांबली.
वर आभाळाकडे हनुवटी उडवून म्हणाली,
'आम्हाला हा रोज शिवतो.
म्हणून तर तुमचा तो
येत नाही.'

हे कुठल्या रकान्यात लिहू?

निघताना तिनं ओंजळभर स्ट्रॉबेऱ्या
माझ्या कोटाच्या ओच्यात टाकल्या.
याला ओटी म्हणतात, तिला काय माहीत.
मी तशीच उभी, कोट दोन्ही हातांनी धरून,
बस्तानं गुंडाळलेल्या बाईसारखी अवघडून.

घरी नळाखाली त्या एकदा धुतल्या.
दुसऱ्यांदा धुतल्या.
तिसऱ्यांदा तिची बोटं आठवली,
आणि नळ बंद केला.

एक खाल्ली. गोड होती.
बाकीच्या अजून सिंकमध्येच आहेत.