वजनाचा रकाना

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी जेम्सटाउनच्या दीपस्तंभाकडून खाली उतरतो.
काखेत फॉर्मची वही, खिशात दोन पेनं,
एक सरकारी, एक चालणारं.
ओडार्लेच्या टोपल्यापाशी थांबून विचारतो,
"आज केंके कितीला?"

"तेवढ्यालाच," ती म्हणते.
गेली दोन वर्षं तेवढ्यालाच.
आंबवलेल्या मक्याचा गोळा,
कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेला,
वर मिरचीचं वाटण. मासा हवा तर वेगळे पैसे.
मी लिहितो : दर तोच. वाढ शून्य.

मग वजनाचा रकाना.
कचेरीच्या काट्याची बॅटरी
पावसाळ्याच्याही आधी संपली,
नवीन बॅटरीची मागणी योग्य मार्गाने वर गेली आहे.
तोवर मागच्या महिन्याचं वजन उतरवतो.
मागच्या महिन्यात त्याच्या मागच्याचं.

परवा आमच्याकडे आधारवर्ष बदललं.
शुक्रवारी घरी गेलो तेव्हा देश गरीब होता,
सोमवारी आलो तर मध्यम.
मधले दोन दिवस कोणी काहीच केलं नव्हतं,
मी तर सायकलची चेन बसवत होतो.

खोटं नव्हतं ते, हे सांगायला हवं.
मोबाइलवाले, विमावाले, बँकांच्या काचेआडची मुलं
आधी मोजायचीच राहून गेली होती,
आता मोजली.
बेरीज मी स्वतः दोनदा तपासली, ताळा जमला.
हातचा कोणाच्या हातात गेला
ते बेरजेत लिहायची पद्धत नाही.

ओडार्लेला सांगितलं. ती पानं पुसत होती.
"मध्यम म्हणजे? आमच्या नळाला पाणी येणार?"
"तसं नाही."
"मग कसं?"
मागे कोणाचं तरी जनरेटर बंद पडलं
आणि सुरू झालं. मी वही चाळली.

नी आयितेई आला, होडीवरून थेट,
पायाला जाळ्याचा हिरवा धागा अडकलेला.
पूर्वी एक घ्यायचा आणि ढेकर द्यायचा.
आज म्हणाला, "दोन."
आमच्या हिशेबात खप दुप्पट.
पुढच्या तिमाहीत तो आकडा होऊन
वर सरकेल, आलेखाच्या त्या टोकाला,
जिथे साहेब पट्टीने दाखवतात आणि पाहुणे माना डोलावतात.
तो मात्र जमिनीवर बसून
दुसऱ्याचीही साल सोलत होता, घाईघाईने,
एकातलं दुसऱ्यात ढकलून
जुना एक करू पाहणाऱ्या माणसासारखा.

तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.
मी ही नोकरी धरली त्या वर्षी
तिच्या मुठीत गोळा मावत नसे,
दुसरा हात खाली धरून द्यायची.
आता एकाच हाताने देते.
अंगठा जाऊन बोटांना भेटतो.

तिने पाहिलं की मी पाहिलं.
"दर वाढवला तर ही माणसं येतील का?" एवढंच म्हणाली,
आणि टोपल्यावरचं फडकं सारखं केलं
पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं.

मी माझ्यासाठी घेतले. दोन.
खाल्ले. तिसरा मागायची लाज वाटली,
सरकारी माणूस, भरदुपारी.

हात धुतले, चालणारं पेन काढलं.
वजनाच्या रकान्यात मागचा आकडा उतरवायला गेलो
आणि लिहून बसलो :
मुठीत मावतो.

गुरुवारी फॉर्म परत आला.
लाल शाईत शेरा, खाली तारीख, सही :
एकक लिहावे.