काळं कार्ड

प्रात्यक्षिक क्रमांक सात, गुण पंचवीस.
सावरघाट, वैनगंगेचा डावा काठ,
शाळेचं पटांगण. मे महिना, नऊ वाजलेत
आणि हातपंपाच्या दांड्याला हात लावून बघा.

समजा, धरणाचे दरवाजे उघडले.
समजा, डोंगा उलटला, चोवीस माणसं.
ढेंगरे सरांनी कुंकू नि गोडेतेल कालवून
रक्त तयार केलं, जरा जास्तच लाल.
तर्रीपोह्याच्या बोलीवर
गाव जखमी व्हायला राजी.

कार्डं चार रंगांची.
चालू शकेल त्याला हिरवं, थांबू शकेल त्याला पिवळं,
लाल म्हणजे आत्ता, या मिनिटाला.
काळं कुणी घेईना.
पार्बता नागपुरे पुढे आली, पदराला हात पुसत:
"निस्तं पडूनच राहाचं हाये ना? मंग मले द्या.
साठ वर्सांत कोनं पडू देलं नाई."

आदल्या सांजेला हिनंच माझ्या हातातला दोर घेतला होता.
जी गाठ मी सत्रभर शिकत होते
ती बोलता बोलता, न बघता मारली.
"आमी याले सूनगाठ म्हंतो.
कितीबी वजन टाका, सरकत नाई."
मी वहीत लिहून घेतलं, इंग्रजी नावाखाली.

भोंगा वाजला. धावले.
तिची हनुवटी उचलली, कान नाकाशी नेला.
श्वास तिनं इतका छान रोखलेला
की कपाळावरचं गोंदण तेवढं दिसत राहिलं.
नियम स्पष्ट आहे: श्वास नाही, कार्ड बांधा, उठा.
सोळा सेकंद. पर्यवेक्षकांनी लिहिलं, उत्तम.
पुढचा वक्टू, लालवाला, मोडलेला पाय धरून
जीव तोडून बोंबलणारा,
मधेच फिसकन हसणारा.
दोन बांबू नि सतरंजीवर त्याला उचलला
तेव्हा बायका म्हणाल्या, टाका याले नदीतच.

बाराला शिट्टी. पोहे. सह्यांचा कागद.
तेवीस सह्या.

पुन्हा मोजल्या. तेवीस.

पुस्तकात आहे, पान उलटल्यावर, तळटिपेत:
सगळे झाले की काळ्याकडे परत जा, पुन्हा तपासा.
तळटिपा कोण वाचतं.

कडुनिंबाखाली ती तशीच.
सावली सरकून गेलेली, पावलं उन्हात.
मी घड्याळ न लावता धावले,
कान नाकाशी नेला,
माझ्याच छातीच्या धडधडीत काही ऐकू येईना.
बोटं मानेवर. इथं नाही. जरा खाली.
मग घशातून बारीक
घुर्र.

मोजले. मिनिटाला चौदा.
ओढणी तिच्या पायांवर टाकली.
"एक सही राहिली!" सर ओरडले,
मी हात वर केला, थांबा.
मनगटावरचं कार्ड हळूच सोडवू लागले.
गाठ मीच मारलेली.
सुटेना.