यादीतलं पाचवं नाव

काचेखालून बँकेच्या बाईंनी कागद सरकवला.
आमच्या पॅनेलवरचे वकील, फोंडा विभाग.
यातलाच कुणीतरी. बाहेरचा चालत नाही.
सात नावं. दोनांवर पेनाची रेघ:
एक वारले, एक न्यायाधीश झाले.

मी म्हटलं, आमचे कुंडईकर वकील आहेत ना,
माझ्या मुंजीत जेवून गेलेले.
जेवले असतील, बाई म्हणाल्या,
पण पॅनेलवर नाहीत.

मग कसा निवडायचा माणूस,
ज्याचं फक्त आडनाव आणि लँडलाइन माहीत?
पहिल्याच्या दाराला कुलूप, कुलपाला गंज.
दुसरा फोनवरच म्हणाला, दोन दिवसांत करून देतो,
कागद काय बघायचेत, बिल्डर ओळखीचा आहे.
मालिनीने माझ्या हातातून फोन घेतला
आणि ठेवून दिला.

पाचवं नाव एर्मेलिंडा कुतिन्हो.
जुन्या बसस्टँडमागे, शिंप्याच्या वर,
लाकडी जिना, टेबलफॅनपुढे
दगड ठेवून दाबलेल्या फायली.
बसा म्हणायच्या आधी विचारलं,
विकणाऱ्याच्या आजोबांना भावंडं किती?

मला हे आगाऊ वाटलं.
मीही विचारलं, बाई, फी आम्ही देणार,
यादी बँकेची. तुम्ही नक्की कुणाच्या?
चष्मा पुसत म्हणाल्या,
बँक ऐंशी टक्क्यांपुरती घाबरते.
तेवढं तिच्यासाठी मी बघेनच.
उरलेले वीस तुमचे.
त्यांची भीती तुम्ही बाळगा, आणि मला विचारत राहा.

वीस म्हणजे मालिनीच्या पाटल्या,
माझा डेपोतला प्रॉव्हिडंट फंड
आणि विकून टाकलेली स्कूटर.

तीन आठवड्यांनी बोलावलं.
टेबलावर सत्तावन्न सालची वाटणी, पोर्तुगीजमध्ये,
जांभळे शिक्के, कसरीने खाल्लेल्या कडा.
बोट ओळीवरून सरकत होतं
तांदळातला खडा शोधावा तसं.
थांबलं.
वारस सात. सह्या सहा.
सातवी इस्पेरांसा, बोटीने बेइराला गेलेली.
नावापुढे जागा कोरी,
कुणीतरी शाईचा डाग पाडून ठेवलेला.

विकणारा म्हणाला, ती कधीच मेली हो.
दाखला?
आफ्रिकेत मरायला दाखला घेऊन कोण जातो?
तो हसला. मीही हसलो, सवयीने.
एर्मेलिंडाबाईंनी फाइल मिटली.
तिची मुलं असतील. शोधा. तोवर मी सही करणार नाही.

कुर्टीच्या बसमध्ये मालिनी खिडकीकडे बघत होती.
मला मात्र माझी प्रफुल्ला दिसत होती,
दोन हजार तीन, उपनिबंधकाचं ऑफिस,
डिचोलीहून आलेली, काखेत पोर,
मागे मेहुणा, कारण इथे त्याचीही सही लागते.
दादा, काय लिहिलंय यात?
कुंडईकर म्हणाले, नेहमीचंच.
आणि मी म्हटलं, कर गं सही,
घरी जेवण थंड होतंय.

तिने केली. पेनाचं टोपण लावून
मला परत दिलं.
त्या दिवशी खतखतं होतं. दोनदा वाढून घेतलं तिने.

आता बँकेचा फोन येतो:
मंजुरी तीन महिन्यांचीच, साहेब.
हवं तर यादीतला दुसरा घ्या.
दुसरा खरंच दोन दिवसांत करून देईल.
मी आणि मालिनी त्यावर बोलत नाही.
यादी फ्रिजवर आहे, लोहचुंबकाखाली.

कपाटातून तो जुना हक्कसोड कागद काढला.
स्वतः पहिल्यांदाच वाचला, तीन पानं.
रविवारी डिचोलीला जातो म्हटलं,
तिला वाचून दाखवतो.
मालिनी भाजी निवडत होती.
वर न बघता म्हणाली,
जेवणाच्या आधी वाच.