गलाई

डोरीननं आइस्क्रीमच्या डब्यातून गोट्या आणून दिल्यात,
मातीसकट.
तिच्या नवऱ्याला वाफा खणताना सापडतात;
बटाट्यांच्या खाली कधीकाळी
फुटक्या बाटल्यांचा उकिरडा होता म्हणे.
शेवाळी, फिकट, एखादीच्या पोटात बुडबुडा.
कशाच्या असतील गं? ती विचारते.
मी अंगठा हवेत दाबते: टॉक.
गोटीसोडा, डोरीन.
आमच्या विट्याच्या स्टँडवर
लिंबू मारून, मीठ टाकून.
तिला वाटतं मी थट्टा करतेय.

बार्नस्ली. नोव्हेंबर. चार वाजता दिवे.
ओव्हन दोनशेवर, केकच्या पत्र्यात गोट्या,
शेजारी पातेल्यात बर्फाचं पाणी.
वीस मिनिटांनी चिमट्यानं एकेक उचलायची
आणि सोडायची.
तो आवाज कानाआधी दातांना कळतो.
काही सरळ दुभंगतात, त्या केरात.
उरलेल्या वरून गुळगुळीत, नख फिरवा, अडकत नाही,
आत मात्र भेगाच भेगा, प्रत्येक भेगेत दिवा.
डोरीन म्हणते, अगदी माणसांसारखं.
मी म्हणते, नाही गं,
काचेसारखं.

बाबा गलाईवाले.
कोइमतूरच्या एका बोळात भट्टीपुढे बसून
लोकांचं सोनं उकळायचे, मळ काढायचे,
तोळामासा तोलून परत द्यायचे.
दुकानाचा केरसुद्धा जाळून त्यातलं सोनं काढत.
घरी मात्र त्यांच्या शर्टाला
फक्त तेजाबाची भोकं.

आणि मी गल्लीत गोट्या खेळायचे.
खेळायचे म्हणजे काय, जिंकायचे.
पोपट, हणमंत, तांबोळ्यांचा दस्तगीर,
सगळ्यांनी माझ्यापुढे
कोपरानं गोटी ढकलत गल गाठलाय,
कोपरं सोलवटून.
परकराचा ओचा गुडघ्यावर आदळायचा, इतका जड.

अकरावं लागलं तशी आई म्हणाली, पुरे.
ओचा सोडला, मोजल्यासुद्धा नाहीत,
हणमंताला देऊन टाकल्या.
हणमंताला!
ज्याचा नेम म्हशीलाही लागला नसता.
मग माझे बुजलेले कान पुन्हा टोचून आणले,
भोकात कडुनिंबाची काडी.
सोनं बाबा येताना आणतील.
बाबा दिवाळीला आले, म्हैसूरपाक आणला.
काड्या केव्हा पडल्या
ते मला आठवत नाही.

आता गोटीवर पितळी टोपी, अराल्डाइटचा थेंब,
रात्रभर तांदळात खोचून उभ्या ठेवायच्या
म्हणजे टोपी कलत नाही.
सकाळी तारेची आकडी.
तांदूळ नंतर पाखरांना.
पहिली जोडी माझ्याच कानात आहे,
मान वळवली की गारेगार लागते गालाला.
वजन आहे. असू दे.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडलंय,
जोडी पाच पौंड.
कुणी म्हणतं सुंदर, कुणी म्हणतं तडा गेलाय की हो,
डोरीन चहा विकते आणि माझं गिऱ्हाईक हेरते.
मग एक पोरगी येते, नऊएक वर्षांची,
दात पडलेला, बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
डूल उचलते, उजेडात धरत नाही,
कानाशीही नाही,
तळव्यावर ठेवते, अंगठ्यानं
हळूच पुढं लोटून बघते.
खेळता येतं का यानं?
टोपी चिकटवलीय गं, मी म्हणते,
आता नाही.
ती माझ्याकडे बघते,
आईकडे मी जशी बघितली होते.

कोटाच्या खिशात दोन आहेत,
न भाजलेल्या, टोपी न घातलेल्या.
कशासाठी ठेवल्या, कुणी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.
आणि हॉलच्या लाकडी जमिनीत, पियानोजवळ,
एका फळीची गाठ निखळून खळगा झालाय,
बरोबर गलाएवढा.
तो मी सकाळी आल्या आल्याच
पाहून ठेवलाय.

डोरीन, टेबल बघ जरा.
मी खुर्ची मागे सारते,
गुडघ्यांची परवानगी घेते.