नाव रंगवणारा

निवती बंदरात होड्यांवर नावं घालतो मी.
तीस वर्षं झाली.
'प्र'च्या पोटातली तिरकी रेघ
एका श्वासात ओढतो,
निळ्यावर पिवळं, पिवळ्याला लाल कड,
खडकापलीकडून येतानाही वाचता यावं असं.

माझ्याआधी धाकू मेस्त येऊन गेलेला असतो.
तो दिसेल असं काही करत नाही.
फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठासतो,
वर राळ, वर उंडीचं तेल,
मग माझा रंग येतो आणि धाकू संपतो.
आठवडाभर इथे एक माणूस ओणवा होता
याची खूण एवढीच
की पाणी आत येत नाही.

न आलेल्या पाण्याचे फोटो कोण काढणार?
पोरं माझ्या अक्षरांचे काढतात.

त्या श्रावणात, झापं उतरवली तेव्हा,
विसू तांडेलाची होडी विकायला निघाली.
धाकूने नाळेपासून बोटाचं पेर मारत आणलं,
टक, टक, टक,
आणि उजव्या कुशीला, पठाणाच्या वर दोन फळ्या सोडून,
आवाज बदलला,
आतून गेलेल्या नारळासारखा.
"कुसली हा ही. बदलूक व्हयी."
"दिसता?"
"दिसना नाय."
"मगे?"
धाकूने हत्यारं पिशवीत भरली.
केलेल्या कामाचीही मजुरी न घेता
वाळूतून चालत गेला.

मग मला बोलावणं आलं.
त्या फळीला लांबी भरली मी, घासली,
निळ्याचे दोन हात दिले.
वर नाव घातलं: सातेरी प्रसाद.
देखणं आलं.
खोटं कशाला बोलू, आजवरचं सगळ्यात देखणं.

आचऱ्याचं गिऱ्हाईक आलं.
नावावरून त्याने हात फिरवला,
फळीवरून नाही.
विसूला मोजून पैसे दिले, मला वर पन्नास.
"हात गोड हा तुमचो," म्हणाला.
त्या पन्नासाची सुंगटं आणली घरी.
सगळ्यांनी बोटं चाटली.

आपल्या भाषेने
होडीला आणि तिच्यावरच्या अक्षरांना
एकच शब्द दिला, नाव.
बहुतेक विश्वासाने दिला असेल.

पुढे काय झालं ठाऊक नाही.
आचऱ्याहून वाईट बातमी आली नाही.
चांगलीही नाही.
मी विचारली नाही.
मात्र वारा उठलेल्या रात्री
मला माझंच अक्षर दिसतं,
'प्र'ची ती रेघ, तिरकी,
आणि तिच्या खाली कुठेतरी
एक फळी, ओली होत असलेली.

आता ब्रश बुडवण्याआधी
मी त्याच्या उलट्या दांड्याने ठोकून बघतो.
मालक हसतात.
"रंगाऱ्याक कित्याक व्हयी ह्यां?"
त्यांचंही खरं.
मला सगळ्या फळ्या सारख्याच वाजतात.
कान लावतो, श्वास धरतो,
समुद्रच ऐकू येतो फक्त.

मग धाकूकडे जातो.
त्याला अलीकडे फार कमी दिसतं.
माझं एकही नाव आता वाचता येत नाही त्याला.
हाताला धरून आणतो,
होडीच्या कुशीला उभा करतो.
तो पेर मारत निघतो,
टक, टक,
मध्येच थांबतो, मागे येतो, पुन्हा टक.

पिवळ्याचा डबा माझ्या पायाशी.
झाकण अजून काढलेलं नाही.