काडी तपासणी

आश्विन सरत आलेला. दसऱ्याची आपट्याची पानं
अजून पर्सच्या तळाशी, हात लावला की मोडणारी.
कुडचीच्या पुलाखाली कृष्णा गढूळ, जागच्या जागी,
आणि फिलोमिना म्हणाली, द्राक्षं बघायला निघालो खरं,
पिशवी घेतलीस का?
मी दोन घेतल्या होत्या.

अथणी सोडली तसा ऊस मागे पडला.
माळ. बाभळी. दोन लिप्यांतला एकच बाण: वायनरी.
आणि आत बागेत
एक पान नाही.
तारांवर नुसत्या काड्या, तपकिरी, गाठाळ,
खाली उतरवलेल्या पानांचा खच, अर्धा अजून हिरवा.
जतहून आलेल्या बायका, डोक्याला टॉवेल,
कात्र्या एका लयीत.
"काय बघायलाय बाई?"
द्राक्षं, मी म्हटलं.
ती एवढी हसली की कात्री खाली ठेवावी लागली.
"फेब्रुवारीत या की. आता कापायचं दिवस."

भरमगौडांनी सावलीत खुर्च्या मांडल्या. बर्री, कुंडर्री.
त्यांची सून शैलश्री, धारवाडला शेतकी शिकलेली,
टेबलावर सूक्ष्मदर्शक, ब्लेड, काड्यांचे जुडगे,
जुडग्याजुडग्याला प्लॉटची चिठ्ठी.
काडीवरच्या फुगीर गाठीला डोळा म्हणतात.
कानडीतही कण्णच, ती म्हणाली,
त्यात भांडण नाही.
तिनं तो सोलला खवल्यामागून खवला, कांद्यासारखा,
"या, बघा. घड आहे."

माझा उजवा डोळा अजून पिकायचाय.
मोतीबिंदू पिकू दे, जानेवारीत बघू, म्हणाले डॉक्टर,
तोवर अर्धं जग मी ताकातून बघते.
डावा लावला.
पांढरट, ओलं, टाचणीच्या टोकाहून बारीक काहीतरी.
घड कसला, फ्लॉवरचा चुरा म्हणा.
"हे उन्हाळ्यातच ठरतं," शैलश्री सांगत होती,
"पाऊसभर वेल झाकून ठेवते.
आम्ही फक्त बघायचं, कितव्या डोळ्यावर कात्री लावायची."

फिलोमिना बराच वेळ वाकून.
बत्तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात नर्स,
किती पापण्या तिनं दोन बोटांनी उघड्या धरल्या असतील,
किती पट्ट्या सोडल्या, आणि विचारलं, किती बोटं?
आत आधीपासून काही बसलेलं असतं
हे मला कुणी सांगितलं नाही, ती म्हणाली.
मग लगेच: कंबर गेली माझी. वाइन कुठाय?

पत्र्याच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या, गार,
वर कान ठेवला तर काहीच नाही.
गेल्या सालची, दोन बोटं ओतली.
फिलोमिनाला सवय. त्यांच्या घरी कँपात
नाताळाआधी बरणीत मनुका, साखर, वर फडकं,
आणि बाबा रोज संध्याकाळी लाकडी डाव घेऊन.
मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा.
आधी जांभळाच्या बीसारखी तुरट,
मग पाटीची पेन्सिल चाखावी तशी,
मग घशात उशिरा एक ऊब,
कुणी आठवण काढल्यासारखी, कुणी ते कळेना.
तोंड वाकडं झालं असणार,
भरमगौडा अदबीनं भिंतीकडे बघत होते.
उजेडाला धरून बघा, म्हणाले.
उजव्यानं तांबडा डाग.
डाव्यानं त्याची कड.

निघताना ऊन कलतं. दोन्ही पिशव्या घडी केलेल्या, काखेत.
बांधाकडेच्या वेलींना कात्री सकाळीच लागली होती,
प्रत्येक कापल्या टोकावर पाण्याचा थेंब,
फुगायचा, सुटायचा, पुन्हा फुगायचा.
फिलोमिना थांबली.
कमरेचा रुमाल काढून, कोपरा धरून,
आतून बाहेर, हलक्या हातानं
एक टोक टिपलं. मग शेजारचं. मग तिसरं.
पलीकडून टॉवेलवाली ओरडली,
"पुसून ऱ्हातंय व्हय ते, बाई?
रातभर गळतंय!"
फिलोमिना म्हणाली, माहितेय,
आणि चौथ्याकडे वळली.